शिधा लांब, तंबू लांब

गेल्या अंकात कोयना-चांदोली भागातल्या मुक्कामांवर लेख होता. त्यात ‘अस्वलाचा वावर असेल तिथे शिधा तंबूत ठेवू नका’ असं एकच वाक्य होतं. मग ठेवायचा कुठे, हे विचारणारी पत्रं त्या वाक्यावर आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही बाराजण मे महिन्यात बामणोलीच्या बाजूला दोन रात्री तंबू टाकणार आहोत. अमेरिकेत मिळणारे ‘बेअर कॅनिस्टर’ (अस्वलाला उघडता न येणारे डबे) मागवावेत का? की पिशवी झाडाला टांगली तरी भागेल? (ट्रेकिंग ग्रुप, सांगली)

कॅनिस्टर मागवू नका. तो डबा अमेरिकेतल्या काळ्या अस्वलासाठी बनवलेला आहे. ते अस्वल पिढ्यान् पिढ्या माणसाच्या डब्यांवर शिकलेलं आहे. आपल्या सह्याद्रीतलं अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या, फळं आणि मध यांवर जगतं. त्याच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं आणि तो फुरफुर आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. तंबू फाडून पोहे खाण्याची सवय त्याला अजून लागलेली नाही. ती आपण लावू नये, एवढंच.

तुमच्या शिध्यावर आधी कोण येईल ते खरंखरं सांगायचं तर वस्तीतली कुत्री, मग उंदीर-घुशी, पहाटे माकडं, रात्री रानडुक्कर आणि उदमांजर. अस्वल यादीत खाली आहे. तरी सगळी व्यवस्था त्याच्या हिशोबाने करायची, कारण कुत्र्याने भाकरी पळवली तर भाकरीच जाते. अस्वलाची नजर आणि कान बेताचे, नाक मात्र जबर. वासामागे खाली मान घालून येताना त्याला माणूस दिसतच नाही आणि चार हातांवर अचानक गाठ पडली की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. इथली बहुतेक दुखापत अशी होते. म्हणून शिधा वाचवणं हे दुय्यम, वास आणि झोपायची जागा यांत अंतर ठेवणं हे मुख्य.

मे महिन्यात करवंदं पिकलेली असतात, जांभळं लागलेली असतात, उंबर असतोच. करवंदीच्या जाळीला लागून, फळलेल्या उंबर-जांभळाखाली किंवा पाणवठ्याकडे जाणाऱ्या ढोरवाटेवर तंबू नको. आजूबाजूला दोनशे पावलं फिरून पाहा. वारूळ खालून उकरलेलं आणि माती ताजी ओली असेल, विष्ठेत करवंदा-जांभळाच्या बिया असतील, झाडाच्या सालीवर समांतर ओरखडे असतील, तर जागा बदला. वर मान करूनही पाहा. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली चूल पेटवणं हे अस्वलापेक्षा धोक्याचं आहे, हे दरवर्षी कुणीतरी विसरतं.

आता मांडणी. तंबू, चूल आणि शिधा या तीन जागा त्रिकोणात, एकमेकांपासून किमान ६० मीटरवर. जागा असेल तर १०० मीटर. चूल उताराच्या खालच्या अंगाला घ्या. रात्री गार हवा उतारावरून खाली सरकते. चूल वर असली तर फोडणीचा वास रात्रभर तंबूवरून वाहतो.

बाराजणांच्या दोन दिवसांना माणशी रोज ६०० ते ७०० ग्रॅम कोरडा शिधा धरला तर साधारण १५ किलो होतात. गाडी जवळ उभी राहत असेल तर सगळा शिधा डब्यात घालून काचा पूर्ण चढवलेल्या गाडीत ठेवा, संपला विषय. गाडी लांब राहणार असेल तर झाकणाला लोखंडी पट्टा आणि कडी असलेली २५-३० लिटरची दोन प्लास्टिकची पिंपं घ्या. खाद्यपदार्थांसाठीच वापरलेली घ्या. औषध किंवा केमिकल भरलेलं निळं पिंप कितीही धुतलं तरी शिध्याला चालत नाही. पट्टा आवळल्यावर कडीत छोटं कुलूप किंवा कॅराबिनर (गिर्यारोहक वापरतात ती झडपेची धातूची कडी) अडकवा. नुसती कडी माकड उघडतं. पिंपाला धरायच्या कड्या असतील तर त्या काढून टाका. जनावराला पकडायला काही मिळालं की ते ओढत नेतं. गोल, गुळगुळीत पिंप नुसतं लोळतं.

टांगायचंच असेल तर नीट टांगा. अर्धवट टांगलेली पिशवी म्हणजे माकडाचा झोका. दोर नायलॉनचा, ५-६ मिलिमीटर जाड, १८ मीटर लांब. सुतळी घुशी कुरतडतात. फांदी जमिनीपासून सात मीटर उंच हवी आणि दोर तिच्यावर खोडापासून दीड मीटर लांब पडायला हवा. मोज्यात लिंबाएवढा दगड घालून, मोज्याला गाठ मारून दोराचं टोक त्याला बांधा आणि फेका. उघडा दगड बांधला तर निसटून खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यात बसतो. टोक खाली आलं की त्याला कॅराबिनर बांधा, कॅराबिनरमध्ये पिशवी अडकवा, आणि दोराचा दुसरा, हातातला पदर त्याच कॅराबिनरमधून ओवून घ्या. मग तो ओढून पिशवी थेट फांदीला टेकवा. हात वर करून, जमिनीपासून दोन मीटरवर, दोराला अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब काठी आडवी बांधा. काठीभोवती दोन वळसे, दुसरा पहिल्याला फुली मारून जाणारा. आता दोर हळूहळू सोडा. पिशवी खाली येते, काठी वर जाते, आणि काठी कॅराबिनरला अडकली की पिशवी थांबते. ती बरोबर मध्यावर, म्हणजे सुमारे साडेचार मीटरवर थांबते. फांदी सहाच मीटरवर असेल तर चारवर थांबेल आणि पिशवीची लांबी धरता तळ साडेतीनवर येईल. तो कमी पडतो. या पद्धतीत खोडाला काहीच बांधलेलं नसतं, त्यामुळे दोर ओढून, चावून पिशवी पडत नाही. सकाळी दोर ओढून काठी हाताशी आणायची, काढायची, पिशवी खाली.

एका पिशवीत पाच किलोपेक्षा जास्त नको, म्हणजे तुम्हाला तीन पिशव्या आणि तीन फांद्या लागतील. म्हणूनच बाराजणांना पिंपं सोयीची पडतात. घुशी-उंदीर दोरावरून उतरतात, त्यांच्यासाठी पिशवीच्या वर दोरात जुनी सीडी किंवा भोक पाडलेलं पत्र्याचं झाकण ओवा. फळ लागलेल्या झाडावर शिधा टांगू नका हे सांगायला नको, पण जांभळाच्या फांद्या सोयीच्या असतात म्हणून मोह होतो. आणि झाड चढतं हे अस्वल. उंचीइतकंच खोडापासूनचं अंतर महत्त्वाचं.

एक राहिलंच. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. आत परवान्याशिवाय पाऊल टाकणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. वासोट्याला बामणोलीहून बोटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं, वर मुक्काम नाही. कास पठारावरही तंबू नाही. या उत्तरातलं सगळं गावाच्या हद्दीत, जागेच्या मालकाला विचारून टाकलेल्या तंबूसाठी आहे.

प्रश्न : डब्याला रबराची रिंग असलेलं घट्ट झाकण लावलं, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या, तर वास बाहेर जात नाही ना? की डांबरगोळ्या ठेवाव्यात? (वाचक, विटा)

वास जातो. डब्याच्या आतून कमी जातो, बाहेरून जास्त. ज्या हाताने सुकट परतली त्याच हाताने झाकण लावलेलं असतं. लोणच्याच्या बरणीचं तेल पिशवीच्या तळाला उतरलेलं असतं. पिठल्याचा चमचा बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात असतो. घट्ट झाकणाचा उपयोग मुंग्या आणि दमटपणा यांच्यासाठी आहे. अस्वलापासून ते वाचवत नाही, फक्त वास जरा उशिरा पोचतो.

डांबरगोळ्या, फिनेल, कापूर, रॉकेलचा बोळा, यांनी वास झाकत नाही. एका वासात दुसरा मिसळतो आणि नाक दोन्ही वेगळे ओळखतं. वर डांबरगोळीचा वास तांदळाला लागतो तो निराळाच.

खरा उपाय शिधा निवडण्यात आहे. सुकट, बोंबील, तळलेले मासे, मटण, तुपातलं पक्वान्न आणि उघडा गूळ हे सगळ्यात वाईट. मध तर नकोच. अस्वलाच्या मुलखात महाबळेश्वरच्या मधाची बाटली नेणं म्हणजे पत्रिका धाडणं. कंदी पेढे, बेदाणे, शेंगदाण्याची चटणी मधली. तांदूळ, डाळ, ज्वारीचं पीठ, भाजलेलं मेतकूट, बंद पाकिटातले पोहे बरे. लसूण घातलेलं भडंग दुपारी वाटेवर संपवा, रात्रीसाठी ठेवू नका. स्वयंपाकाच्या वेळचे कपडे अंगावर घेऊन झोपू नका. ते शिध्याबरोबर पिंपात किंवा पिशवीत. टूथपेस्ट, खोबरेल, बाम, साबण, चेहऱ्याचं क्रीम आणि कचऱ्याची पिशवी हा सगळा शिधाच धरायचा.

प्रश्न : मुलगा कॅलिफोर्नियात असतो. जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय, चार दिवस तिथल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तंबूत राहायचा बेत आहे. इथून लाडू, चटण्या नेणार. रात्री गाडीच्या डिकीत ठेवलं तर चालेल का? (निवृत्त शिक्षक दांपत्य, कराड)

नाही, आणि तिथे ही नुसती सूचना नाही, नियम आहे. योसेमिटीत अंधार पडल्यावर गाडीत खाद्यपदार्थ ठेवायला बंदी आहे. दिवसा काचा बंद करून, बाहेरून दिसणार नाही असं ठेवता येतं. नियम मोडला तर दंड ५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. कारण साधं आहे. तिथली काळी अस्वलं गाडीतला आइसबॉक्स काचेतून पाहून ओळखतात आणि दाराच्या वरच्या कडेत नखं घालून दार दुमडून खाली ओढतात. लाडवाचा डबा असला काय, रिकामा आइसबॉक्स असला काय, फरक पडत नाही.

तंबूच्या प्रत्येक जागेवर पत्र्याची जाड पेटी असते. बहुतेक पेट्या रुंदीला ४५, खोलीला ३३ आणि उंचीला १८ इंच आहेत. मुलाला आइसबॉक्स घेताना हे माप सांगा, १८ इंचांपेक्षा उंच असला तर आत जात नाही. पेटीची कडी माणसाचा हात आत घालून फिरवायची असते, पंजा तिथे शिरत नाही. फक्त ती प्रत्येक वेळी लावायला हवी, चहाला दूध काढून पुन्हा लावायची, पेटीजवळ बसलेलं असतानासुद्धा. पेटी उघडी ठेवून दोन मिनिटं पाण्याला गेलेल्यांचंच जास्त जातं. आत काय ठेवायचं याची यादी वर विट्याच्या वाचकांना दिली तीच, त्यात औषधांच्या गोड गोळ्या, सनस्क्रीन आणि तोंड पुसलेले टिश्यू घाला.

मुलाने एखादी रात्र रस्त्यापासून आत, डोंगरात काढायचं ठरवलं तर पेटी नसते. तिथे बेअर कॅनिस्टर जवळ असणं सक्तीचं आहे आणि झाडाला टांगणं बेकायदा आहे, कारण तिथली अस्वलं फांदी मोडून, दोर तोडून पिशवी काढायला केव्हाच शिकली. कॅनिस्टर उद्यानातच भाड्याने मिळतो. मोठा डबा सुमारे साडेअकरा लिटरचा आणि एक किलोच्या थोडा वर वजनाचा असतो. त्याला दांडा नाही, कडी नाही, कुठे धरायला जागाच नाही.

तो भरायची एक रीत आहे. पाकिटांची हवा काढा. तांदूळ-डाळ खोक्यातून काढून साध्या पिशवीत. तळाला शेवटच्या दिवसाचं, वर पहिल्या दिवसाचं. पिठं आणि डाळी कडेला दाबून, लाडू मधल्या पोकळीत. बेसनाचे लाडू या डब्यासाठीच केल्यासारखे बसतात, वजनाला जड आणि जागेला कमी. भडंग मात्र घरी ठेवून जा. पाव किलो चुरमुऱ्याला दोन-अडीच लिटर जागा जाते, म्हणजे पाचवा हिस्सा डबा हवेने भरला. टूथपेस्टला जागा ठेवायला लोक विसरतात, मग ती रात्री तंबूत राहते. पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण बाहेर राहिलं तर चालतं, पण पहिल्या रात्रीपासून बाकी सगळं आत मावलं पाहिजे. रात्री डबा तंबूपासून शंभर पावलांवर, सपाट जागेत, दरी आणि ओढ्यापासून लांब ठेवा. अस्वल तो लाथाडतं, लोळवतं. उतार असला की डबा सकाळी ओढ्यात. दोरीने बांधू नका, बांधला की ओढायला दोर मिळाला. काही डब्यांच्या झाकणाचे दाते थंडीत अंगठ्याने दबत नाहीत, जुनं एटीएम कार्ड फटीत सारलं की सुटतात.

अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा (बेअर स्प्रे) घेऊन जाऊ का, असंही तुम्ही विचारलंय. विमानात तो नेता येत नाही आणि योसेमिटीत बेअर स्प्रेला बंदीच आहे. ग्रिझली या मोठ्या तपकिरी अस्वलाच्या मुलखात, उदाहरणार्थ यलोस्टोनमध्ये, उलट तो जवळ ठेवायला सांगतात. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आहे, पण राज्यात ते शंभर वर्षांपूर्वीच संपलं.

प्रश्न : तापोळ्याजवळ आमचे आठ तंबू आहेत. शनिवार-रविवार तीसेक पाहुणे असतात. उरलंसुरलं खड्डा घेऊन पुरतो, कोंबडीची हाडं जाळतो. तरी रात्री काहीतरी येऊन उकरतंय. (तंबू-मुक्काम चालक, जावळी)

खड्डा उकरणं हेच अस्वलाचं रोजचं काम आहे. सुकलेल्या, सिमेंटसारख्या वारुळात ते बोटभर लांब नखांनी हात-हात खोल जातं. तुमचा दीड फुटाचा, नुकताच भरलेला भुसभुशीत खड्डा त्याला कष्टाचा वाटायचा नाही. रानडुक्कर तर त्याहून चटपटीत. हाडं जाळल्याने संपत नाहीत. शेकोटीच्या आंचेत वरचं मांस करपतं, मगज आत तसाच राहतो आणि भाजल्याचा वास दुप्पट लांब जातो.

पुरणं आणि जाळणं दोन्ही बंद करा. उष्टं पत्रावळीवरून थेट झाकणाच्या पिंपात, पिंप कडीवाल्या पत्र्याच्या खोलीत, आणि रोज सकाळी गावात. रविवारचं सोमवारपर्यंत ठेवू नका. भाजीची देठं, साली एवढ्याच गुरांना. तेलकट, खारट नको. भांड्यांचं पाणी फडक्यातून गाळा, गाळ कचऱ्यात टाका आणि पाणी तंबूंपासून ६० मीटरवर, रोज वेगळ्या जागी पसरून ओता. एकाच मोरीत रोज तेच पाणी मुरलं की ती जमीनच खमंग होते आणि तुम्ही कचरा बंद केल्यावरही महिना-दोन महिने जनावर येत राहतं. घाबरू नका, हळूहळू थांबतं. बार्बेक्यूच्या जाळ्या रात्रीच घासून खोलीत ठेवा. तुमच्याकडे हा सगळ्यात मोठा दोष असेल असा आमचा अंदाज आहे, कारण पाहुणे बाराला झोपतात आणि जाळ्या सकाळवर ढकलल्या जातात.

पाहुण्यांना दाखवायला म्हणून जनावरांसाठी मुद्दाम काही टाकत असाल तर आजच थांबवा. एकदा माणसाच्या जागी खाणं मिळतं हे कळलेलं अस्वल पुढच्या वर्षी पिल्लं पाठीवर घेऊन येतं, आणि पिल्लं असलेली मादी ही या डोंगरातली सगळ्यात तापट.

सौर कुंपण हवं असेल तर झटका देणारं मान्यताप्राप्त यंत्रच वापरा. सगळ्यात खालची तार वीतभर उंचीवर आणि तिला लागणारं गवत दर आठवड्याला कापलेलं. गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, कुंपण नावालाच राहतं. तारेत घरची वीज सोडणं बेकायदा आहे आणि त्यात जनावरांबरोबर माणसंही मरतात.

प्रश्न : मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. रात्री साखर उतरली तर शिधा शंभर मीटरवर. मग काय? (वाचक, पाटण)

तुमच्यासाठी नियम वाकवायचा. रात्री साखर उतरणं हा खात्रीचा धोका आहे, अस्वल हा शक्यतेचा. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पूड, बिनवासाची, सीलबंद पाकिटात आणि पाकीट लहान स्टीलच्या डबीत, हाताशी. फ्लेवरची नको, संत्र्याचा वास सोडून बाकी गुण तेच. बिस्किटं, चॉकलेट, फळाचा रस मात्र तंबूत नको. पाकीट फोडलंत तर रिकामं पाकीटही डबीतच ठेवा. बरोबरच्या एकाला डबी कुठे आहे ते माहीत हवं. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीलाही हेच: एका वेळेपुरती मोजून डबीत, बाकी पिंपात, आणि बाटली पाजून झाली की लगेच धुऊन पाणी लांब.

प्रश्न : ऑगस्टमध्ये काश्मीरला सात दिवसांचा ट्रेक आहे. झाडंच नाहीत असं म्हणतात. मग टांगायचं कुठे? (वाचक, मिरज)

टांगायचं नाही. आणि तिथे अस्वलं दोन आहेत, ते आधी पाहा. खाली जंगलात आणि गावांच्या कडेला हिमालयातलं काळं अस्वल. ते झाडावर सराईत चढतं, मक्यावर आणि सफरचंद-अक्रोडाच्या बागांत येतं. थंडीच्या झोपेआधी चरबी साठवायची म्हणून उन्हाळा सरता सरता त्याची भूक वाढत जाते. वर, झाडांची रेषा संपल्यावर, तपकिरी अस्वल. काश्मीर-लडाखच्या काही भागांत ते वस्त्यांच्या आणि छावण्यांच्या कचऱ्यावर येतं. म्हणजे तिथे खाण्याची सवय लागलेलं जनावर भेटू शकतं. सह्याद्रीचा हिशोब तिथे लावू नका.

उघड्या कुरणात कडीचं पिंप हाच उपाय. ते तंबूपासून शंभर मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तंबूतून दिसेल अशा मोकळ्या जागी ठेवा. खडकांच्या आडोशाला नको, सकाळी आणायला जाताना गाठ पडेल. झाकणावर दोन-तीन पातेली उपडी रचून ठेवली की धक्का लागताच आवाज होतो. आवाज झाला तर बाहेर पडून पाहायला जायचं नाही, आतून टॉर्च मारून मोठ्याने बोलायचं.

तुमचा ट्रेक एजन्सीबरोबर असेल तर निघण्याआधी दोन गोष्टी विचारा. स्वयंपाकी शिध्याच्या तंबूतच झोपतात का? बहुतेक ठिकाणी झोपतात, सोय म्हणून. त्यांना वेगळा तंबू द्या म्हणावं, पाचशे रुपये जास्त पडले तरी. आणि खेचरांचा दाणा कुठे ठेवतात? शिधा पिंपात नि दाण्याचं पोतं तंबूला टेकून, हे चित्र सर्रास दिसतं. अस्वलाला दाणाही चालतो. कचरा वर पुरू नका. थंडीत तो कुजत नाही, पुढच्या मोसमात जसाच्या तसा वर येतो.

प्रश्न : एवढं करूनही रात्री आलंच तर? (बऱ्याच वाचकांचा)

शिधा सोडून द्या. पिंप वाचवायला, फोटो काढायला किंवा दगड मारायला कुणी पुढे जायचं नाही. सगळे एका जागी जमा, टॉर्च लावा, शांत पण मोठ्या आवाजात बोला आणि त्याला जायला एक बाजू पूर्ण मोकळी ठेवा. कोंडलेलं अस्वल हल्ला करतं. वाटेत गाठ पडली तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. पळू नका, ते माणसापेक्षा वेगाने धावतं. झाडावर चढू नका, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं.

अंगावर आलंच तर पालथं पडा, बोटं मानेमागे गुंफा, कोपरं कानशिलांना लावून चेहरा जमिनीकडे घ्या. पाठीवर सॅक असेल तर राहू द्या. आपल्या सह्याद्रीतलं अस्वल चेहऱ्यावर आणि डोक्यावर मारतं, म्हणून वाचवायचं ते तेच. निघून गेल्यावरही लगेच उठू नका. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. ओरखडा साधा दिसला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीज व धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी सरकारी रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेला १०८, वनविभागाला १९२६. डोंगरात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. तंबू टाकतानाच रेंज कुठे येते ती जागा शोधून सगळ्यांना दाखवून ठेवा, आणि जवळच्या वस्तीतल्या एखाद्या घरी ‘आम्ही अमुक ठिकाणी आहोत’ एवढं सांगून या.

रात्री लघवीला उठताना टॉर्च लावून, दोघांनी, बोलत जायचं. बहुतेक लोक शिध्याची काळजी करतात आणि अंधारात एकटे, गुपचूप उठतात.

प्रश्न : आमच्याकडे अस्वल नाही, माकडंच आहेत. यातलं काही उपयोगी पडेल का? (वाचक, शिराळा)

पिंप पडेल, टांगणं नाही. माकडाला फांदी म्हणजे रस्ता. कडीत कॅराबिनर स्क्रूवाला घाला आणि स्क्रू पूर्ण आवळा. साधा दाबून उघडणारा ते बघून बघून दुसऱ्या दिवशी उघडतं.